‘हू’ नक्की कोणाला लागतं? सोसायटीच्या नोटिशीतलं एक इंग्रजी वाक्य

वाकडचा_भाडेकरू

आमच्या लिफ्टमध्ये नवी नोटीस लागलीय, फक्त इंग्रजीत. त्यातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘टेनंट्स अँड ओनर्स हू हॅव्ह नॉट पेड ड्यूज शॅल नॉट बुक द हॉल.’

मला मुलीच्या बारशासाठी खालचा हॉल हवाय. मॅनेजर म्हणतो, भाडेकरूंना हॉल बंद, आणि ज्यांची थकबाकी आहे अशा मालकांनाही बंद. माझं म्हणणं, थकबाकीची अट दोघांनाही आहे. मेंटेनन्स माझा घरमालक वेळेवर भरतो, पार्किंगचे पैसे मी स्वतः ऑफिसात भरतो, पावत्या जपून ठेवल्यात. दोघांकडेही एक पैसा थकलेला नाही.

कमिटीतले एक काका म्हणाले, ‘इंग्रजीचा नियमच आहे, हू जवळच्या नावाला लागतं. इथे जवळ कोण? ओनर्स. विषय संपला.’ असा नियम खरंच आहे का? व्याकरणापुरतं सांगा, कमिटीशी काय बोलायचं ते मी बघतो.

शेवटचा_बाक

आहे की. आठवीत बाईंनी घोकून घेतलं होतं: रिलेटिव्ह प्रोनाउन (हू, विच वगैरे) त्याच्या अँटिसिडंटच्या, म्हणजे ते ज्या नावाबद्दल बोलतं त्याच्या, शक्य तितकं जवळ ठेवा. काका बरोबर. बारसं घरी करा, हॉलचं भाडंही वाचेल.

जुना_मुद्रितशोधक

बाईंनी शिकवलं ते लिहिणाऱ्यासाठी. वाचणाऱ्याने अर्थ कसा लावायचा, याबद्दल तो नियम काहीच सांगत नाही. ‘टेनंट्स अँड ओनर्स’ ही जोडी मिळून एकच नामपद धरता येतं, आणि तसं धरलं की ‘हू’ त्या जोडीला चिकटूनच बसलेलं आहे. नियम पाळूनही दोन्ही अर्थ जिथल्या तिथे.

निवृत्त होईपर्यंत मी संस्थांच्या नियमावल्या आणि अहवाल तपासले, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. असली वाक्यं अडायची ती बहुतेक वेळा दोन्ही नावं अनेकवचनी असली की. एकवचन करून बघा म्हणजे कळेल. ‘द टेनंट अँड द ओनर हू हॅज नॉट पेड’ म्हटलं की पैसे न भरणारा एकटा ओनर. ‘हू हॅव्ह नॉट पेड’ म्हटलं की दोघंही. क्रियापदच साक्ष देतं. पण ‘टेनंट्स अँड ओनर्स’ केलंत की एकट्या ओनर्सनाही ‘हॅव्ह’ आणि दोघांनाही ‘हॅव्ह’. साक्षीदार फितूर. आता त्या वाक्यात व्याकरणाची अशी एकही खूण उरलेली नाही, जी काकांच्या बाजूने किंवा तुमच्या बाजूने निकाल देईल.

मग बाकीच्या खुणा बघायच्या. ‘द टेनंट्स अँड द ओनर्स हू’ असं दोनदा ‘द’ असतं, तर दोन नावं वेगळी पडली असती आणि कल काकांकडे झुकला असता, तोही नुसता कल. ‘दोज टेनंट्स अँड ओनर्स हू’ असतं तर तुमचं काम झालं असतं, कारण असल्या ‘दोज’ला पुढे ‘हू’ची अट लागतेच, आणि तो ‘दोज’ टेनंट्सच्याही आधी उभा आहे. तुमच्या वाक्यात यातलं काहीच नाही. उघडी बोडकी दोन नावं.

कधी अर्थच सक्ती करतो. ‘हसबंड्स अँड वाइव्ज हू हॅव्ह सेपरेटेड फ्रॉम ईच अदर’ यात ‘हू’ दोघांना लावावंच लागतं, नुसत्या बायका एकमेकींपासून विभक्त व्हायच्या नाहीत. जवळच्याच नावाला लागतं हा ठाम नियम असता तर हे वाक्य मोडलं असतं. डेव्हिड पर्लमटर आणि जॉन रॉस या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली याहून गंमतशीर उदाहरण दिलं होतं: ‘अ मॅन एंटर्ड द रूम अँड अ वुमन वेंट आउट हू वर क्वाइट सिमिलर.’ पुरुष एका उपवाक्यात, बाई दुसऱ्यात, आणि ‘हू वर’ने दोघांनाही कवेत घेतलंय. असं लिहा असं मी म्हणत नाही, माझ्या टेबलावर आलं असतं तर लाल पेन चाललं असतं. पण इंग्रजी कुठवर जाऊ शकते ते बघा.

आता तुमच्या विरोधात जाणारी गोष्ट. काकांनी व्याकरण सोडून ‘ड्यूज’वर बोट ठेवलं असतं तर त्यांची बाजू जास्त भक्कम झाली असती. सोसायटीत ड्यूज म्हणजे बहुधा मालकाचा मेंटेनन्स. जे देणं भाडेकरूचं नाहीच, ते न भरण्याची अट त्याला कशी लावणार? म्हणून ती अट मालकांचीच, असा युक्तिवाद होऊ शकतो. तुम्ही पार्किंगचे पैसे थेट भरता म्हणताय, तर पावतीवर काय छापलंय ते बघा.

आणि कृपा करून त्यांना स्वल्पविराम सुचवू नका. ‘टेनंट्स अँड ओनर्स, हू हॅव्ह नॉट पेड ड्यूज, शॅल नॉट…’ असं केलं की बरेच लोक समजतात, आता अट दोघांना लागली. लागली, पण ती आता अटच राहिली नाही. त्याचा अर्थ झाला, सगळेच भाडेकरू आणि सगळेच मालक थकबाकीदार आहेत, आणि हॉल कोणालाच मिळणार नाही. काकांचा अर्थ हवा असेल तर स्वल्पविराम आधी यायला हवा: ‘टेनंट्स, अँड ओनर्स हू हॅव्ह नॉट पेड ड्यूज, शॅल नॉट…’

बार_रूम

व्यवसायाने वकील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच वाद झालाय. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण इंग्रजी तीच.

पॉलिन थॉमस नावाच्या बाई लिफ्ट चालवायच्या. ती नोकरीच बंद झाली. पुढे त्यांनी अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज केला. कायद्यात अट अशी की अर्जदाराला आधीचं काम करता येत नसलं पाहिजे, आणि ‘एनी अदर काइंड ऑफ सब्स्टॅन्शियल गेनफुल वर्क विच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी’, म्हणजे देशात अस्तित्वात असलेलं दुसरं कुठलंही कमाईचं काम, हेही करता येत नसलं पाहिजे. बाईंचं म्हणणं, ‘विच एक्झिस्ट्स’ आधीच्या कामालाही लागतं, आणि लिफ्ट चालवण्याचं काम आता देशात जवळपास उरलेलंच नाही, तेव्हा ते मला जमतं की नाही हा प्रश्नच गैरलागू. खालच्या अपील न्यायालयाला ते पटलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उलटवलं: ‘विच एक्झिस्ट्स’ची अट त्या ‘दुसऱ्या कुठल्याही’ कामापुरतीच, आधीच्या कामाला नाही.

निकाल न्या. स्कालियांचा, आणि त्यातला दाखला घरगुती आहे. आईबाप बाहेरगावी जाताना पोराला बजावतात, पार्टी केलीस किंवा घराचं नुकसान होईल असं दुसरं काही केलंस तर शिक्षा होईल. पोराने पार्टी केली आणि पकडला गेला. घराला ओरखडाही आला नाही, म्हणून सुटेल का? नाही सुटणार. मात्र त्याच निकालात हेही म्हटलंय की हा नियम अटळ नाही, अर्थाच्या इतर खुणा त्याच्यावर मात करू शकतात.

२०२१ च्या फेसबुक विरुद्ध डुगिड खटल्यात तेच न्यायालय दुसऱ्या बाजूला गेलं. शेवटी आलेली अट आधीच्या दोन्ही क्रियांना लागते, असा निकाल, आणि त्या अटीआधीचा स्वल्पविराम तिथे कामी आला. तिथे ‘हू’ किंवा ‘विच’ नव्हतं, पण प्रश्न तोच. तेव्हा काकांना सांगा, जवळच्याला लागतं हा एक संकेत आहे. त्याच्या जोरावर कोणाला हॉल नाकारू नये.

शेवटचा_बाक

मराठीत नोटीस लावली असती तर ही भानगडच झाली नसती.

जुना_मुद्रितशोधक

झाली असती, फक्त उलट्या टोकाला. ‘थकबाकी असलेले भाडेकरू आणि मालक’ म्हटलं की भाडेकरू नक्की अडकले, मालकांचं मात्र सांगता येत नाही. हां, ‘भाडेकरू आणि थकबाकी असलेले मालक’ हे स्वच्छ आहे. आपल्याकडे कधीकधी लिंग मदतीला येतं. ‘चाळीत राहणाऱ्या बायका आणि पुरुष’ यातलं ‘राहणाऱ्या’ बायकांशी जुळलंय, पुरुष कुठले कोण जाणे. ‘चाळीत राहणारे पुरुष आणि बायका’ म्हणा, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वाकडचा_भाडेकरू

सगळ्यांचे आभार. पावतीवर ‘पार्किंग ड्यूज’ असंच छापलंय, फोटो काढून ठेवला.

मुद्रितशोधक काका, वाक्य दुरुस्त करून द्यायचं झालं तर कसं करायचं? आणि त्याच नोटिशीतलं दुसरं वाक्यही बघा: ‘व्हेइकल्स अँड व्हिजिटर्स हू एंटर आफ्टर इलेव्हन पीएम मस्ट बी रजिस्टर्ड ॲट द गेट.’

जुना_मुद्रितशोधक

अट दोघांना हवी असेल तर ‘एनी टेनंट ऑर ओनर हू हॅज नॉट पेड ड्यूज’. एकच ‘एनी’ दोघांवर, आणि अनेकवचनाची कटकट मिटली. सगळे भाडेकरू बंद करायचे असतील तर ‘ओनर्स हू हॅव्ह नॉट पेड ड्यूज, अँड ऑल टेनंट्स’. तिथला स्वल्पविराम आणि ‘ऑल’ गाळू नका, नाहीतर ‘हॅव्ह नॉट पेड ड्यूज अँड टेनंट्स’ असं वाचून कोणीतरी विचारेल, मालकांनी भाडेकरूंना पैसे कधीपासून द्यायचे?

दुसऱ्या वाक्यात मात्र व्याकरण खरोखर बोलतं. ‘हू’ गाड्यांना लागत नाही. एक माणूस आणि एक वस्तू अशी जोडी असेल तर दोघांना मिळून ‘दॅट’ चालतं, ‘हू’ फक्त माणसांना. म्हणजे रात्री अकराची अट पाहुण्यांपुरती, आणि गाड्या चोवीस तास नोंदवायच्या. सकाळचा दुधाचा टेम्पो, शाळेची बस, कमिटीतल्या काकांची स्वतःची गाडी, सगळ्या.

बार_रूम

मग गेटवरचं रजिस्टर बघून या. दिवसाच्या गाड्यांची नोंद नसेल, तर कमिटी स्वतःच त्या वाक्यात अट दोन्ही नावांना लावून चाललीय, तीही जिथे ‘हू’ लागू शकत नाही तिथे. पहिल्या वाक्यात तेवढं जवळच्यालाच का, हे त्यांनी लेखी द्यावं. अर्ज करताना पावतीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.