मदत हवी आहे: खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हरणाच्या शिकारीसाठी कमी धक्क्याची रायफल

उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची (सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंची) शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. हात वर जातो, पण ताकद अजून पूर्ण आलेली नाही. सर्जनने हो म्हटल्याशिवाय गोळी झाडणार नाही, हे नक्की. पण परवाना हातात आहे आणि हंगाम चुकवायची इच्छा नाही.

माझी जुनी .३०-०६ काडतुसाची रायफल आता नको. .२४३ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलचा धक्का (गोळी झाडताना खांद्याला बसतो तो) तिच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून १०० ग्रेनच्या (सुमारे साडेसहा ग्रॅमच्या) गोळीसह तीच डोक्यात आहे. ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाचा धक्का थोडा जास्त, पण गोळी जड. माझे अंतर दीडशे यार्डांच्या आत असते. एवढ्यासाठी .२४३ पुरेल ना? जनावर जखमी होऊन पळालेले मला सहन होणार नाही, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरी अडचण वजनाची. रायफल जड असली की धक्का कमी बसतो, पण ती उचलून धरायची याच खांद्याने! मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला लावायच्या जोडणीने) धक्का घटतो, आवाज मात्र फार वाढतो. कोणी डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकले आहे का? किती दिवस लागले?

अशा दुखण्यातून गेलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.