भारतवारीच्या बॅगेतल्या वायरी

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात आम्ही पाच जण अमेरिकेतून पुण्याला निघालोय. मागच्या खेपेला रात्री दोन वाजता घरी पोचलो आणि सासूबाईंच्या सीपॅप मशीनची (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते) वायर काही सापडेना. सगळ्या वायरी एकाच झिपच्या पिशवीत कोंबल्या होत्या. गुंता सोडवेपर्यंत पाऊण तास गेला. आई बिचाऱ्या तशाच खुर्चीत बसून होत्या. ते मला फार लागलं. तुम्ही वायरी कशा नेता? आणि मशीनसाठी व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर घ्यावा का?
– एडिसनहून

---

ताई, नमस्कार.

गणपतीत मंडळाचा साउंड मी सांभाळतो, त्यामुळे वायरींशी रोजचीच गाठ. वायर कोपराभोवती किंवा चार्जरभोवती घट्ट गुंडाळायची नाही. प्रत्येक वेढ्यागणिक तिला पीळ पडतो आणि शेवटी ती प्लगच्या मानेपाशी तुटते. लांब वायरीला एक वेढा सुलटा, पुढचा उलटा असा घाला, म्हणजे पिळाला पीळ कापतो आणि टोक धरून सोडली की सरळ उलगडते. हे वाचून नीटसं कळणार नाही, भेटलात की हातात वायर देऊन दाखवतो. फोनच्या छोट्या वायरींना तळहाताएवढं सैल वेटोळं पुरतं. वर वेल्क्रोची पट्टी, तीही वायरीलाच कायमची अडकवलेली. रबरबँड नको, उन्हाळ्यात चिकट होऊन वायरीला धरतं.
– साउंडवाले काका

---

काकांचं अगदी बरोबर. माझं म्हणणं एवढंच की वायरी प्रकाराप्रमाणे लावूच नका, माणसाप्रमाणे लावा. आईंची पिशवी वेगळी, मुलांची वेगळी. आईंच्या मशीनची वायर तर मशीनच्याच बॅगेत, आणि ती बॅग केबिनमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाही. पॉवर बँकही केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते.

कन्व्हर्टरचं म्हणाल तर आधी अडॅप्टरच्या काळ्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट १००–२४०’ असेल तर भारतातले २३० व्होल्ट त्याला चालतात, फक्त पिनांचा प्रश्न उरतो. नुसतं १२० लिहिलेलं हेअर ड्रायर वगैरे इथेच ठेवून जा. आणि इथली सर्ज प्रोटेक्टरची पट्टी तिकडे मुळीच लावू नका, ती १२० व्होल्टसाठीच असते. आमची पहिल्याच रात्री जळली.

आता मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. बऱ्याच ठोकळ्यांतून भिंतीकडे जाणारी वायर सुटी निघते. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तशाच तोंडाची, भारतीय गोल पिनांची वायर मिळते. पिनांचा अडॅप्टर लावला की प्लग भिंतीत सैल लोंबतो, रात्री कुशीवर वळताना मशीन बंद पडण्याची भीती. आपली वायर थेट भिंतीत घट्ट बसते आणि अर्थिंगही मिळतं. आम्ही सासऱ्यांसाठी एक आणली, ती आता तिकडच्या कपाटातच असते.
– प्लेन्सबरोची वहिनी

---

वहिनी, काका, मनापासून आभार. आत्ताच ठोकळा उलटा करून पाहिला: १००–२४०, ५०/६० हर्ट्झ. मागची वायरही ओढल्याबरोबर सुटी झाली, तोंड तीन पिनांचं आहे. त्याचा फोटो पुण्याला दिरांना पाठवलाय. आम्ही पोचायच्या आत ते तसली वायर आणून आईंच्या पलंगाशी लावून ठेवणार आहेत. पहिल्या रात्री काही अडलंच तर म्हणून पिनांचा अडॅप्टर मशीनच्या बॅगेत टाकतेय.

काका, रविवारी मराठी शाळेत याल ना? माझ्या लॅपटॉपची वायर घेऊन येते, उलट-सुलट वेढे शिकवा. आई पण येणार आहेत, त्यांनाही शिकायचंय.
– एडिसनहून