मदत हवी आहे: लाळेच्या प्रयोगात गेलेला निळा रंग परत आला! (उद्या प्रदर्शन)

तापीकाठची: पोरीचं उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. आयोडिनने पिष्ट (स्टार्च) निळं होतं. तांदळाच्या पेजेत लाळ घातली, आयोडिन टाकलं, रंग निळा झाला नाही, म्हणजे लाळेने पिष्ट फोडलं. आम्ही खूश. भांडी घासून आले तर नळी निळीशार! फुटलेलं पिष्ट परत जुळतं का? लवकर सांगा.

केळीवाला_रावेर: पेज किती गरम होती? किती वेळ ठेवली? आयोडिन कुठलं?

तापीकाठची: मेडिकलमधलं, जखमेवर लावायचं. बाकी पुस्तकात आहे तसंच.

खापरावरचे_मांडे: आमच्या सासऱ्यांना जेवल्यावर फार गॅस व्हायचे. ओवा आणि काळं मीठ सुरू केलं, थांबले. आणि जेवताना पाणी पिऊ नका, पाचक रस पातळ होतो.

भुसावळ_लोको: काहीही! जठर लागेल तसं आम्ल सोडतं, पाण्याने काय होतंय. उलट त्या आम्लातच लाळेचं काम थांबतं. उरलेलं पिष्ट लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज फोडतं.

खापरावरचे_मांडे: कळण्याची भाकरी-ठेचा खाऊन वर तांब्याभर पाणी पिऊन बघा भो, मग बोला.

केळीवाला_रावेर: ताई, पेज गरम होती का?

तापीकाठची: गॅसवरून उतरवली आणि लगेच घेतली. वाफ येत होती. त्याने काय होतं?

केळीवाला_रावेर: तिथेच घोटाळा. लाळेतलं टायलिन हे पिष्ट फोडणारं विकर (एन्झाइम), म्हणजे प्रथिनच. अंगाच्या 37 अंशांना मस्त चालतं, वाफाळत्या पेजेत अंड्याच्या पांढऱ्यासारखं शिजून जातं. पिष्ट फुटलंच नाही.

मग निळं का झालं नाही? आयोडिन पिष्टाच्या रेणूच्या वेटोळ्यात शिरून बसलं की निळा दिसतो. गरमात ते बसत नाही, गार झालं की बसतं. ती नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरून बघा.

उद्यासाठी पेज पाण्यासारखी पातळ करा, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग चमचाभर लाळ. दहा-पंधरा मिनिटांनी, गार झाल्यावर आयोडिनचा एकच थेंब. शेजारी लाळेऐवजी पाणी घातलेली नळी हवीच, नाहीतर परीक्षक विचारतील, लाळेनेच झालं कशावरून?

खरं तर लाळ सोडा, केळी न्या. कच्च्या चकतीवर आयोडिन टाकलं की काळीनिळी, पिकलेल्यावर जेमतेम. केळात त्याचीच विकरं पिष्टाची साखर करतात.

भुसावळ_लोको: झालं, यांची केळी आली.

तापीकाठची: नळी गरम पाण्यात धरली, रंग गेला. बाहेर काढली, हळूहळू परत आला! पोरीने चार वेळा केलं. आता ती म्हणते, हेच नेते. लाळेचं पण कोमट करून ठेवलंय, दहा मिनिटं व्हायचीत.

खापरावरचे_मांडे: ओवा भाजून घ्यायचा बरं का, कच्चा नाही.