एकाच दुकानात टीव्ही निळा पडला आणि फोन पिवळा, असं का?

कराडची_डेअरी

नमस्कार मंडळी. कराडला आमची दुधाची डेअरी आहे. शटर पहाटे उघडतं ते रात्री उशिरापर्यंत उघडंच. भिंतीवर ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, त्यावर दिवसभर बातम्या नाहीतर क्रिकेट. गेल्या दिवाळीपासून त्याचं चित्र निळसर-जांभळं दिसायला लागलंय. पांढरा शर्ट घातलेला माणूस कपड्यांना नीळ जास्त झाल्यासारखा दिसतो. सेटिंगमध्ये रंग खालीवर करून बघितले, फरक शून्य.

दुसरी गोष्ट. काउंटरवर एक जुना अमोलेड फोन स्टँडला लावलाय. त्यावर पैसे घ्यायचा क्यूआर कोड कायम उघडा, ब्राइटनेस फुल, स्क्रीन बंदच होणार नाही असं सेटिंग. आता त्या फोनवर काहीही उघडलं तरी मागे क्यूआरची छाप दिसते, तीही उलटी. जिथे काळे चौकोन होते तिथे स्वच्छ पांढरं, आणि जिथे पांढरं होतं तिथे पिवळट, मळकट.

गावातल्या मेकॅनिकने दोन्हीचं कारण एकच सांगितलं, व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून. पण एकाच व्होल्टेजने एक वस्तू निळी आणि दुसरी पिवळी कशी पडेल? टीव्ही दुरुस्त करावा का, हे तर विचारायचंच आहे, पण आधी मला कारण समजून घ्यायचंय.

माणदेशी_मन्या

दादा, स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे उन्हाळ्यात १६० व्होल्टवर येतं, पंखे पण रडतात. टीव्ही जुना झाला असेल तर नवा घ्या, हल्ली स्वस्त मिळतात.

पॅनेलवाला_सांगली

थांबा, इतक्यात नवा घेऊ नका. व्होल्टेजचा यात संबंध नाही. टीव्हीच्या मागचा स्टिकर वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आतलं पॉवर सप्लाय तेवढं सांभाळून घेतं. व्होल्टेजने सप्लाय जळेल, फ्यूज जाईल, पण चित्र निळं होणार नाही.

वडिलांच्या वेळेपासून आमचं सांगलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सध्या हीच तक्रार माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येते. तुमचा ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे खरं तर एलसीडी. पुढची काच स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांचा पांढरा उजेड काचेतून गाळून चित्र तयार होतं. आणि हे पांढरे एलईडी मुळात पांढरे नसतात. आत निळी चिप असते आणि तिच्यावर फॉस्फरचा लेप. जुन्या, साध्या एलईडीत तो पिवळा लेप, यिट्रियम-अ‍ॅल्युमिनियम गार्नेटमध्ये किंचित सिरियम घातलेला. चिपचा थोडा निळा उजेड लेपातून तसाच बाहेर पडतो, बाकीचा लेप पिवळा करून सोडतो. दोन्ही एकत्र डोळ्यांत गेले की आपल्याला पांढरं दिसतं.

आता तुमच्या टीव्हीचं काय झालं असेल ते सांगतो. काच उतरवली, मागची डिफ्यूझर शीट काढली की पट्ट्या समोर येतात. प्रत्येक एलईडीवर प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते, ती भिंगाचं काम करते. टोपी काढून नवा एलईडी बघा, मधला ठिपका पिवळाधमक. रोज पंधरा-सोळा तास फुल बॅकलाइटवर चाललेल्या टीव्हीत तोच ठिपका फिका पडलेला असतो, मध्ये तपकिरी डाग, कुठे लेपाला तडे. टेस्टर लावला की काही दाणे चक्क निळेजांभळे पेटतात. उष्णतेने लेप मेला, खालची निळी चिप मात्र ठणठणीत आहे. म्हणून चित्र निळं. रिमोटने ते सुटणार नाही, कारण उजेडच बिघडलेला आहे.

उपाय: पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलून घ्या. फक्त खराब दाणे बदलायला सांगू नका, नव्या-जुन्याचे ढग पडद्यावर दिसतात. पट्टी त्याच मॉडेलची हवी, कारण ३ व्होल्टचे दाणे वेगळे आणि ६ व्होल्टचे वेगळे. आणि मेकॅनिकला आवर्जून सांगा की ड्रायव्हरचा, म्हणजे दाण्यांना करंट पुरवणाऱ्या सर्किटचा, करंट थोडा कमी करून दे. बऱ्याच सेटमध्ये कंपनीतूनच दाणे पार टोकाला चालवलेले असतात, दुकानात पडदा झगमगीत दिसावा म्हणून. करंट उतरवला की उष्णता उतरते, लेप टिकतो. खर्च नव्या टीव्हीच्या मानाने फारच कमी. जोखीम एकच, काच. ती दोघांनी मिळून उचलायची आणि कडेच्या रिबनला हात लावायचा नाही. एकटा माणूस उघडत असेल तर देऊच नका.

दुरुस्त झाल्यावर मेनूमध्ये ‘बॅकलाइट’ शोधून निम्म्याच्या आसपास ठेवा. ‘ब्राइटनेस’ नव्हे. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेसने फक्त काळा रंग गडद-फिका होतो, मागचे दाणे तसेच तापत राहतात.

फोनचं बरोबर उलट आहे. अमोलेडला मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, आणि त्यातला निळा सगळ्यात आधी थकतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की उरतं ते पिवळट. क्यूआरमधला काळा भाग म्हणजे बंद ठिपके, त्यांनी काही कामच केलं नाही, म्हणून ते अजून ताजे. छाप उलटी का, याचं उत्तर एवढंच.

म्हणजे टीव्हीत निळा सगळ्यात टिकाऊ आणि फोनमध्ये निळाच सगळ्यात कच्चा. हे मी रोज बघतो, पण रसायन माझ्या आवाक्यातलं नाही. गॅलियम ताई, तुम्ही सांगा.

गॅलियम_ताई

दादा, तुम्ही टेबलावर बघून जे सांगितलंत तेच या विषयाचं मर्म आहे. मी जपानमध्ये सेमीकंडक्टरवर काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

निळा उजेड मुळात महाग. लाल फोटॉनला साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, निळ्याला २.७ च्या आसपास. एवढी ऊर्जा रोज झेलणारा पदार्थ हवा. टीव्हीतल्या चिपमध्ये तो पदार्थ आहे गॅलियम नायट्राइड, एक कणखर अकार्बनी स्फटिक. फोनमध्ये आहेत कार्बनी रेणू. फरक इथे पडतो.

गॅलियम नायट्राइड सहजासहजी हाती लागलं नाही. दिसणाऱ्या लाल उजेडाचा एलईडी १९६२ मध्येच झाला होता, निळ्यासाठी मात्र जवळजवळ तीस वर्षं गेली. हा स्फटिक वाढवायचा सफायरच्या चकतीवर, आणि दोघांच्या अणूंच्या अंतरात सुमारे १६ टक्क्यांची तफावत. थर खडबडीत, तडकलेला यायचा. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यामागे लागले होते. १९८५ मध्ये एके दिवशी अमानोंची भट्टी हव्या त्या तापमानाला पोहोचेना. त्यांनी कमी तापमानातच अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी बसवला आणि गॅलियम नायट्राइड त्यावर वाढवलं. काचेसारखा स्वच्छ थर आला.

पुढचा अडसर होता पी-टाइपचा, म्हणजे धन प्रभार वाहून नेणाऱ्या थराचा. मॅग्नेशियम घालूनही विद्युतवहन होत नव्हतं. १९८९ मध्ये अकासाकी-अमानो यांनी इलेक्ट्रॉनचा झोत टाकून ते साधलं. तोकुशिमाच्या निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी त्याचं कारण शोधलं: हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता, नायट्रोजनमध्ये नुसतं तापवलं तरी तो सुटतो. १९९३ मध्ये निचियाचा झगझगीत निळा एलईडी बाजारात आला. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नागोया विद्यापीठात अकासाकींच्या नावाची इमारत आहे, पेटंटच्या रॉयल्टीतून उभी राहिलेली. मला ती बघताना फार भरून आलं होतं, कारण हा विषय बहुतेकांनी सोडून दिला असताना हा माणूस त्यावर ठाम राहिला.

आता फोन. अमोलेड हा ओएलईडीचाच, म्हणजे कार्बनी थरांच्या एलईडीचा, एक प्रकार. ओएलईडीची आजची रचना १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दाखवली. कार्बनी थरातून विजेने उजेड मिळवताना एक अडचण येते. उत्तेजित झालेल्या चार रेणूंपैकी साधारण एकच ‘सिंगलेट’ अवस्थेत जातो आणि लगेच उजेड देतो. बाकीचे तीन ‘ट्रिपलेट’मध्ये अडकतात. १९९८ पासून प्रिन्स्टन आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटांनी प्लॅटिनम, मग इरिडियम असे जड धातू वापरून त्या तिघांकडूनही उजेड काढून दाखवला. लाल आणि हिरव्या ठिपक्यांत हे फॉस्फोरेसंट रेणू बसले. निळ्यात नाही बसले, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. ट्रिपलेट मायक्रोसेकंदांपर्यंत उत्तेजित राहतो. तेवढ्यात शेजारी दुसरा उत्तेजित रेणू असला तर एक आपली सगळी ऊर्जा दुसऱ्याला देऊन टाकतो. निळ्याच्या बाबतीत ही बेरीज ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर जाते. कार्बन-नायट्रोजनचा साधा बंध मात्र ३ च्या थोडा वर तुटतो. तुटलेला रेणू नुसता मरत नाही, आजूबाजूच्यांचा उजेडही गिळतो.

म्हणून फोनमध्ये निळा बराच काळ जुन्या, कमी कार्यक्षम फ्लोरेसंट (फक्त सिंगलेटमधून उजेड देणाऱ्या) पद्धतीचाच राहिला. तेवढाच उजेड द्यायला त्याला जास्त करंट लागतो, जास्त करंट म्हणजे जास्त झीज. भिंगाखाली अमोलेड फोन बघा, बहुतेकांत निळा ठिपका लाल-हिरव्यापेक्षा मोठा दिसेल. क्षेत्रफळ वाढवून करंटची घनता उतरवण्यासाठीच तसं केलेलं असतं.

कराडची_डेअरी

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा मुलीने तिच्या शाळेच्या भिंगातून फोन बघितला. निळे ठिपके खरंच मोठे आहेत! तिने वहीत आकृती काढून घेतली.

पट्ट्या बदलायच्या ठरवल्या. घरी मात्र आईसाठी ओएलईडी टीव्ही घ्यायचा विचार होता, तिला मालिका बघायला. आता धास्ती वाटतेय. तोही पिवळा पडेल का?

पॅनेलवाला_सांगली

मालिकांना हरकत नाही, चित्र सतत हलतं. दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवणार असाल तर नको. खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो छाप सोडतातच.

आणि एक सवय सोडावी लागेल. आपल्याकडे झोपताना टीव्ही भिंतीच्या बटणापासून बंद करतात. ओएलईडीचं तसं करू नका. रिमोटने बंद करा आणि मागचा सप्लाय चालू राहू द्या. टीव्ही बंद दिसतो तेव्हा तो आतल्या आत ठिपके तपासतो, कुठला किती झिजला ते मोजतो आणि त्याप्रमाणे करंट जुळवून घेतो. बऱ्याच मॉडेलमध्ये चारेक तास बघून झाले की हे काम रिमोटने बंद केल्यावर आपोआप होतं. सप्लायच तोडला तर होत नाही. माझ्याकडे छाप पडलेले जे ओएलईडी आले, त्यांच्या घरी विचारलं तर बहुतेक ठिकाणी हेच निघालं, रात्री मेन स्विच बंद. फक्त वीज कडाडायला लागली की प्लग काढा, ते आहेच.

काउंटरवर क्यूआर छापून लावा. फोनच हवा असेल तर साधा एलसीडीवाला लावा.

गॅलियम_ताई

एक भर घालते. मोठ्या ओएलईडी टीव्हींत निळ्यावरचा भार वाटून घ्यायला थरांवर थर रचतात, त्यामुळे तेवढ्याच उजेडाला प्रत्येक थरातून कमी करंट जातो. आणि मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने खालच्या थरात निळा फ्लोरेसंट आणि वरच्या थरात निळा फॉस्फोरेसंट, असं मिश्र पॅनेल उत्पादनाच्या लाइनवर पडताळून झाल्याचं जाहीर केलं. वीज सुमारे १५ टक्के कमी लागते असं त्यांचं म्हणणं आहे. दोन्ही थर फॉस्फोरेसंट नाहीत, यावरून निळा अजून किती जपावा लागतो ते कळतं.

माणदेशी_मन्या

मग ताई, तो दणकट गॅलियम नायट्राइडच बारीक करून प्रत्येक ठिपक्यात का बसवत नाहीत? छापच पडणार नाही की.

गॅलियम_ताई

नेमकं तेच चाललंय, त्याला मायक्रोएलईडी म्हणतात. निळा आणि हिरवा गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातून मिळतात. तिथे घोडं अडलंय ते लालपाशी. लाल चिप अ‍ॅल्युमिनियम-गॅलियम-इंडियम-फॉस्फाइडची असते. ती मोठी असते तोवर उत्तम, पण काही मायक्रोमीटरपर्यंत कापली की तिच्या कापलेल्या कडांवर इलेक्ट्रॉन उजेड न देताच विरून जातात. शिवाय ४के टीव्हीला अडीच कोटींच्या आसपास चिप अचूक जागेवर बसवाव्या लागतात. म्हणून किंमत इतकी.

पॅनेलवाला_सांगली

पिक्चर ट्यूबच्या सुरुवातीच्या काळात पण लालच कमी पडायचा. वडील सांगायचे की युरोपियमवाला लाल फॉस्फर आल्यावरच रंगीत ट्यूबला खरा उजेड आला. ताई, तो साधारण कधी आला?

गॅलियम_ताई

१९६४. युरोपियम घातलेलं यिट्रियम व्हॅनाडेट. त्याआधी लाल फिका असल्यामुळे निळा आणि हिरवा मुद्दाम मंद ठेवावे लागत, नाहीतर पांढरा जुळत नसे.