तातडीने मदत हवी: पाळकसाहेब नाहीत, रविवारी प्रभुभोजन कोण देणार?

शाळामास्तर:
जय ख्रिस्त. परवा महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा). पाळकसाहेब आजारी, संभाजीनगरला अॅडमिट आहेत. कमिटीवाले म्हणू राहिलेत, "मास्तर, तुम्हीच घ्या, पुस्तक समोरच आहे." घ्यावं का नाही? लवकर सांगा, उद्या सकाळी माणूस ब्रेड आणायला जालन्याला जाणार.

जुना_सेक्रेटरी:
काय घ्यायचं, उपासना का प्रभुभोजन? चर्च कोणतं? तुम्ही डीकन (पाळकाच्या खालचं दीक्षित पद) का ले रीडर (दीक्षा नसलेला, उपासना चालवणारा)? लायसन्स आहे का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

नांदेडकर:
एवढी चौकशी कशाला करायलेत? पाळकानंच भाकरी मोडावी असं कुठं लिहिलंय? 1 पेत्र 2:9 वाचा, आपण सगळेच याजकगण आहोत. मास्तर, बिनधास्त घ्या.

कोर्टातली:
लग्न मात्र लावू नका हं. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम 68 खाली 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 मध्येच लावायचं असतं.

जुना_सेक्रेटरी:
ताई, लग्नाचं कुणी विचारलंच नाही. आणि नांदेडकर, ते वचन सगळ्या मंडळीबद्दल आहे. उद्या प्रत्येकानं आपापल्या घरी मेज मांडायचं का?

नांदेडकर:
आम्ही मेथडिस्ट. आमचे लोकल प्रीचर वर्षानुवर्षं उपदेश करायलेत, काही बिघडलं नाही. 1970 ला नागपुरात अनेक चर्चेस मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा आमच्या चर्चनं ऐनवेळी माघार घेतली, ते बरंच झालं.

जुना_सेक्रेटरी:
उपदेशाला कुणाची ना आहे? प्रश्न प्रभुभोजनाचा आहे. 1970 चं भांडण वेगळ्या धाग्यावर काढा.

शाळामास्तर:
सांगायचं राहिलं. सीएनआय, पण आमची मंडळी मूळची अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या रीतीची), अजून जुनं प्रार्थनापुस्तकच चालतं. मी डीकन नाही. ले रीडरचं लायसन्स बिशपसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी दिलं. सकाळची उपासना मी घेतोच. खरी अडचण वेगळी आहे. एक आजी खाटेला खिळल्यात, दर महिन्याला वाट बघतात. त्यांना काय तोंड दाखवू?

जुना_सेक्रेटरी:
हे आधी सांगायचं होतं मास्तर. आता ऐका. अँग्लिकन रीतीत बिशप, प्रेसबिटर (म्हणजे पाळक) आणि डीकन हे तीन दीक्षित पदांचे. भाकर-प्याल्यावर प्रार्थना बिशप किंवा प्रेसबिटरच म्हणतात. डीकनही नाही, मग ले रीडरचा प्रश्नच नाही. लायसन्सवर उपासना चालवा, शास्त्रवाचन करा, परवानगी असेल तर उपदेशही. पापक्षमेची घोषणा मात्र तुम्ही करू नका. तिथं त्रैक्याच्या (ट्रिनिटी) सणानंतरच्या 21 व्या रविवारची पुस्तकातली प्रार्थना म्हणतात, तीत क्षमा आणि शांती मागितली आहे. शेवटी "तुम्हांला" म्हणून आशीर्वाद देऊ नका. 2 करिंथ 13:14 "आम्हां सर्वांबरोबर" असं म्हणा. घोषणा करणं पाळकाचं, मागणं आपलं, एवढाच फरक.

आजीबद्दल सांगतो. माझी आई अशीच शेवटचे आठ महिने पडून होती. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आजाऱ्यांच्या प्रभुभोजनापाशी सूचनाच आहे: आजारपणामुळे किंवा दुसऱ्या रास्त अडचणीमुळे कुणाला घेता आलं नाही, पण खरा पश्चात्ताप आणि विश्वास असेल, तर त्याला आत्म्याने ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त मिळतंच. हे आजींना वाचून दाखवा. आईला मी वाचून दाखवलं तेव्हा ती रडली, मग शांत झोपली.

नांदेडकर:
हे मला माहीत नव्हतं. आजींसाठी प्रार्थना करतो. पण याजकगणाचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

कोर्टातली:
शेजारच्या पाळकांना रविवारी दुपारी बोलावता येईल का? बिशपसाहेबांच्या ऑफिसला आजच फोन करा.

शाळामास्तर:
फोन केला. शेजारचे पाळक पुढच्या बुधवारी येतो म्हणाले. ब्रेड आणू नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी आजीकडे जातो. आमच्या पुस्तकाची काही पानं सुटलीत, त्या 21 व्या रविवारच्या प्रार्थनेचा आणि त्या सूचनेचा फोटो कुणी टाकेल का? सहाच्या आत हवाय.