गावच्या रस्त्यावर 'सात-बारा कोरा करा' : ग्रामपंचायतीनं परवानगी द्यावी का?

बोंडअळी
मंडळी, गाव अमरावती जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. आधीच पुरे झालंय. पोळ्याच्या आदल्या रात्री पोट्ट्यांनी एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'सात-बारा कोरा करा' असं लिहिलं. एकेक अक्षर बैलगाडीएवढं. दुसऱ्या दिवशी तोरण तुटलं आणि साऱ्या जोड्या त्यावरूनच गेल्या. सगळ्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं, सरपंचांनीही. पुढच्या मासिक सभेत ठराव झाला की पंचायतीची हरकत नाही. इथवर मलाही बरंच वाटलं होतं.

मग आठवडाभरात दोन अर्ज आले. एक वेगळ्या विदर्भवाल्यांचा. दुसरा एका पक्षाच्या तालुका पदाधिकाऱ्याचा : नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, चौकात, चिन्हासकट. सरपंच म्हणतात पहिलं राहू द्या, दुसरं बघू, तिसरं नाही. माझं म्हणणं, तिन्हींना हो म्हणा नाहीतर तिन्ही पुसा. रस्ता काही सरपंचांच्या वाड्याची भिंत नाही.

पऱ्हाटीवाला
पुसा म्हणणं सोपं हाय भाऊ. 2017 ले दीड लाखापर्यंत माफी झाली, 2019 ले दोन लाखापर्यंत. माह्या बापाचं कर्ज दोन्ही बखत त्याच्यावर होतं. सात-बाऱ्यावर इतर हक्कात बोजा अजून तसाच बसून हाय. ते रस्त्यावरचं वाक्य कोन्या पार्टीचं नाई, गावाचं हाय. गावात एक मानूस दाखव ज्याले कोरा नको हाय. वाढदिवसाचं अन् याचं एकाच तराजूत काऊन तोलून राह्यला तू?

बोंडअळी
कारण तराजू पंचायतीच्या हातात आहे, तुझ्या-माझ्या नाही. मलाही कोराच हवाय, माझ्यावरही बोजा आहे. पण सरकारला उद्देशून केलेली मागणी राजकीय नाही तर काय पाऊसपाण्याच्या गप्पा आहेत? आज सरपंच आपल्या बाजूचा आहे म्हणून ठराव गोड लागतो. पुढच्या खेपेला दुसरा येईल, तोही गावाच्या नावानं काहीतरी लिहील, आणि तेव्हा तूच इथं येऊन बोंबलशील.

जुना सचिव
तीस वर्षं पंचायतीत सचिव म्हणून काढली, म्हणून सांगतो. 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे. लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक नजरेत येणारी जागा रंगवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे रात्रीचं काम गुन्ह्यातच येतं. ठराव नंतरचा आहे. परवानगी देता येते, हे खरं. पण एकाला देऊन दुसऱ्याला नाकारायचं तर कारण लिहावं लागतं, आणि 'आम्हाला पटत नाही' हे कारण टिकत नाही. घटनेतलं समानतेचं कलम 14 पंचायतीलाही लागू आहे. शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. बिनपक्षाच्या संस्थेनं चौकात पक्षाचं चिन्ह काढू द्यायचं?

झेंडा_विदर्भाचा
सचिवसाहेब, चिन्हाचं समजलं. आमच्या अर्जात चिन्ह कुठं हाय? 28 सप्टेंबर 1953 ले विदर्भ महाराष्ट्रात आनाचा नागपूर करार झाला, त्याच तारखेले आम्ही त्याची होळी करतो. सगळ्या पार्ट्यांचे लोक आमच्यात हायेत. मग शेतकऱ्याच्या वाक्याले हरकत नाई अन् आमच्या वाक्याले 'बघू'? हे 'बघू' कोन्या कलमात बसते?

पुण्यात_अडकलेला
मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, आता हिंजवडीत. हे सगळं वॉशिंग्टनमध्ये होऊन गेलंय. जून 2020 मध्ये तिथल्या महापौरांनी व्हाइट हाउसजवळच्या रस्त्यावर काळ्या लोकांच्या जिवाचं मोल सांगणारं वाक्य पिवळ्या रंगात लिहून घेतलं. दुसऱ्याच दिवशी आंदोलकांनी शेजारी स्वतःचं वाक्य जोडलं : पोलिसांचा निधी काढून घ्या. मग विरोधी विचारांच्या एका संस्थेनं आमचंही वाक्य लिहू द्या म्हणून अर्ज केला आणि कोर्टात गेली. शहराची बाजू अशी की, ही कोणालाही दिलेली मोकळी जागा नाही, हे शहराचं स्वतःचं बोलणं आहे. मार्च 2025 मध्ये शहरानंच ते उखडून काढलं.

तेव्हा पंचायतीनं आधी ठरवावं : ते वाक्य तिचं स्वतःचं आहे, की तिनं पोट्ट्यांना जागा दिली आहे? स्वतःचं असेल तर दुसऱ्याला नाही म्हणता येईल. जागा दिली असेल तर रांग लागणार.

पऱ्हाटीवाला
अमेरिकेले राहू दे बाप्पा, इथं गावात लाइन नाई. पण तुह्यी गोठ कामाची हाय. पंचायतीनंच म्हनावं, हे आमचं वाक्य हाय. मेंढा-लेखाचं पाह्य ना, गडचिरोलीतलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', हे त्या गावाचंच बोलणं. कोनी म्हनते का का ते राजकीय हाय म्हनून पुसा?

वर्धेकाठची
मेंढा-लेखात सगळं गाव बसून सर्वसहमतीनं ठरवतं. आपल्याकडे? मी सदस्य आहे, त्या ठरावावर माझी सही आहे, म्हणून बोलायचा अधिकारही आहे. आम्ही मासिक सभेत सात जणांनी पाच मिनिटांत ठरवलं. ग्रामसभेत विषय गेलाच नाही. आणि नेला असता तरी? गणपूर्ती म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, जो आकडा कमी तो. तेवढेही येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग मारुतीच्या पारावरचे वीस जण म्हणजे गाव. त्यात बाया किती, ते विचारू नका. 'गावाचं बोलणं' म्हणता, माझ्या सासूला कोणी विचारलं?

दुसरी भीती मोठी आहे. ही भिंत नाही, रस्ता आहे. उद्या जयंतीला कोणी उत्साहात एखाद्या महापुरुषाचं नाव लिहिलं आणि त्यावरून ट्रॅक्टर गेला, शेण पडलं, तर रात्री गावात पोलिसांची गाडी उभी राहील. पायाखाली येणाऱ्या जागेवर काहीच लिहू नये, असं माझं आता मत झालंय. सही केली तेव्हा नव्हतं.

ब्रशवाला
मी पेंटर. निवडणुकीत भिंती रंगवून घर चालते. आचारसंहिता लागली का सरकारी जागेवरचं 24 तासांत, सार्वजनिक जागेवरचं 48 तासांत पुसा लागते, त्याचेही पैसे मलेच भेटते, म्हनून माहं कोनाशी भांडन नाई. पन रस्त्यावर ऑइलपेंट मारनं येडेपना हाय. पावसात गाडी घसरते. रस्त्याचे पट्टे मारायचा माल वेगळा असते, त्यात काचेचे बारीक मनी टाकते, रात्री चमकाले. पोट्ट्यायनं दुकानातला स्वस्तातला डबा आनला. माह्या भाच्याची गाडी त्या 'रा'वरच सरकली.

झेंडा_विदर्भाचा
भाचा बरा हाय ना? आमचा अर्ज भिंतीसाठी करून देतो मग. पन सात-बाऱ्याचं राह्यलं तर आमचंही रस्त्यावरच पाहिजे.

जुना सचिव
एक मूळचाच प्रश्न कोणी विचारला नाही. तो रस्ता पंचायतीचा आहे का? स्टँडकडून येणारा रस्ता बहुधा इतर जिल्हा मार्ग असेल. तसं असेल तर तो जिल्हा परिषदेकडे, आणि त्यावर हरकत नसल्याचा ठराव घ्यायला पंचायत कोण? रजिस्टर पाहा.

बोंडअळी
पाहिलं. चौकातल्या पुलियापर्यंत डांबरी, तो जिल्हा परिषदेचा. पुढचा सिमेंटचा, तो पंचायतीचा. संध्याकाळी टॉर्च घेऊन जाऊन आलो. 'सात-बारा' डांबरावर आहे, 'कोरा करा' सिमेंटवर. म्हणजे आमच्या ठरावानं फक्त 'कोरा करा'ला परवानगी मिळाली आहे. सोमवारी मासिक सभा आहे, हे सांगायला जातोय.