प्रतिसाद: आजीजवळची मुलं आणि बालगृह

एका चर्चेत अशा कुटुंबाबद्दल विचारलं होतं: वडील तुरुंगात, आई हयात नाही आणि मुलं सोलापुरात आजीजवळ. त्यावर दिलेला 'बालगृहातच टाका' हा सल्ला घाईचा वाटतो. कैद्यांची मुलं राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत बसतात. मूल नातेवाइकांकडेच राहतं आणि महिन्याला २,२५० रुपये खात्यात येतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा. मग गृहचौकशी (घरी येऊन पाहणी) होते आणि आदेश बाल कल्याण समिती, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, काढते. अर्ज अडकतो तो बहुधा वडील कोठडीत असल्याच्या दाखल्यावर. तो कारागृह अधीक्षकांकडे लेखी मागा. एफआयआरची प्रत पुरेलच असं धरू नका. आधार, जन्मदाखला, बोनाफाईड सोबत ठेवा. बँकेत मुलाच्या खात्यावरचं नाव आधारशी अक्षरशः जुळलं पाहिजे, नाहीतर मंजुरीनंतरही पैसे येत नाहीत.

बालगृहात ठेवायची वेळ आलीच, तर वडिलांची सही कोणत्या कागदावर घेतात ते वाचा. तात्पुरता प्रवेश वेगळा, समर्पणपत्र (मुलावरचा हक्क सोडून दिल्याचं पत्र) वेगळं! समर्पणानंतर फेरविचाराला दोनच महिने मिळतात, पुढे मूल दत्तकासाठी मोकळं होऊ शकतं. तुरुंगातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगेलच असं नाही. मुलांच्या भेटीचा अर्जही बाल कल्याण समितीकडे आताच देऊन ठेवा.